बारा टाळांची खोट

चांगोकाकांचा फोन आला की आमच्या घरात तो कुणी कानाला लावत नाही. फोन ओट्यावर ठेवायचा, आपण भाजी निवडत बसायचं आणि ऐकायचं. स्पीकर सुरू करायची गरज पडत नाही. त्यांचं घर आमच्या घराला लागून आहे, त्यामुळे तेच वाक्य आधी भिंतीतून येतं आणि मग फोनमधून. नेटवर्कला पोचायला वेळ लागतो, भिंतीला लागत नाही.

काका माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आमचं आंबेशेत शेलू स्टेशनपासून आत, नदीच्या अंगाला. स्टेशनाजवळ आता उंच इमारती झाल्या आहेत, पण आमच्या बाजूला अजून भाताची खाचरं आहेत. काकांनी आयुष्यभर पावसाळ्यात भात लावला आणि बाकीचं वर्ष खोपोलीच्या एका कारखान्यात काम केलं. तिथल्या यंत्रांच्या खडखडाटात एकमेकांशी बोलायचं म्हणजे ओरडावंच लागायचं. कारखाना सुटला, आवाज काही खाली आला नाही. काकू, म्हणजे येसूबाई, म्हणते, "रिटायर हा झाला, याचा गळा नाय झाला."

पण गावाला हा आवाज हवा असतो. चैत्रात गावदेवीची पालखी निघते, गावभर फिरून देवळात परत येते आणि मग देवीपुढं आलेल्या वस्तूंचा लिलाव होतो. नारळ, साडी, केळीचा घड, कुणाच्या झाडाचा पहिला फणस, कधी कोंबडा. लिलाव पुकारायचा तो चांगोकाकांनी. त्यांच्या आधी त्यांचे वडील पुकारायचे.

या लिलावाचे दोन नियम आहेत आणि ते गावात शेंबड्या पोरालाही माहीत असतात. पहिला म्हणजे, वस्तू उंच धरून तिची खोट आधी सांगायची. साडीवर डाग असेल तर डाग, नारळाला चीर असेल तर चीर. काका खोट अशी सांगतात की लोक तिच्यासाठीच बोली लावतात. एका वर्षी त्यांनी कोंबडा वर धरला आणि पुकारलं, "खोट आयका! ह्यो पहाटं आरवत नाय. भर दुपारी आरवतो!" त्याबरोबर वाडीतला हर्षद उठून उभा राहिला. त्याला खोपोलीत कायम रात्रपाळी. "काका, माझी उठायची येळ तीच! द्या हिकडं!" म्हणत त्यानं सगळ्यांवर बोली चढवली.

दुसरा नियम जरा विचित्र आहे. बोली लावणारा एकटाच उरला तर वस्तू त्याला लगेच मिळत नाही. एकट्याची बोली देवीला लागत नाही असं म्हणतात. त्यानं स्वतःच स्वतःवर आणखी एकदा चढवायचं, मग काका 'एक वार, दोन वार, तीन वार' म्हणतात आणि वस्तू त्याची होते. म्हणजे आमच्या गावात माणूस स्वतःशीही हरतो.

हे सगळं आधी सांगायचं कारण यंदाचा टाळांचा घोटाळा. तो या दोन नियमांशिवाय समजणार नाही.

गेली दोन वर्षं काकू आणि वाडीतल्या बायका संध्याकाळी देवळात गाणी म्हणायला जमतात. देवीची जुनी गाणी, आयांनी शिकवलेली. सगळ्या मिळून बारा जणी. यंदा त्यांनी ठरवलं की पालखीपुढं आपणही गात चालायचं. पालखीपुढं आजवर फक्त पुरुषांचं भजन मंडळ चालत आलं आहे आणि त्याचे प्रमुख मालोजीबुवा. बुवा माणूस वाईट नाही, पण टाळाच्या बाबतीत कडक. काकू विचारायला गेली तेव्हा ते पान लावत बसले होते.

"या की," बुवा म्हणाले. "पण हातात काय आसंल?"

"हातात काय आसंल मंजे? हात आसतील."

"मंग टाळ्या वाजवीत येनार काय गं येसू? पालखी हाय का वाढदिवस? हातात टाळ आसंल तिनं यावं. बाकीच्यांनी मागनं चालावं."

"मंग तुमच्या मंडळाचे टाळ द्या."

"ते काय द्यायचे नसतात," बुवा म्हणाले आणि पान तोंडात घातलं. म्हणजे बोलणं संपलं.

काकू घरी आली ती भांडी आपटतच. काकांनी सगळं ऐकलं आणि ओसरीवरून अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं सांगून टाकलं, "येसू! जत्रंला तुमा बाराच्या बारा जनींच्या हातात टाळ नसला, तर मी यंदा लिलाव पुकारनार नाय!"

हे बोलणं गावात पोचायला वेळ लागला नाही. बुवांनीही ते त्यांच्या अंगणात बसूनच ऐकलं असणार.

कर्जतच्या दुकानात चौकशी केली तर इतके टाळ तयार नव्हते. मागवले तर जत्रा झाल्यावर येतील म्हणाले. मग काकांनी मला हाक मारली. मी कॉम्प्युटर इंजिनीअरिंग केलं आहे आणि सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम घरून करते. काकांच्या मते त्यामुळे मोबाइलमधली कुठलीही गोष्ट मी आणून देऊ शकते.

"समी, त्या फोनमधी लिलाव आसतो म्हनं?"

असतो. जुन्या-नव्या वस्तू तिथं कुणीही विकायला ठेवतं, लोक बोली लावतात, वेळ संपली की सगळ्यात मोठी बोली जिंकते. मी शोधलं तर आमच्याच बाजूचा एक विक्रेता सापडला. खोपोलीचा, 'टणत्कार म्युझिकल्स'. टोपलीत पितळेचा चकचकीत ढीग, खाली लिहिलेलं: 'पारंपरिक भजनी टाळ, १२ नग, आवाज उत्तम.'

"बारा!" काकू म्हणाली. "देवीनंच धाडलं."

काकांनी चष्मा लावून स्क्रीन वरखाली सरकवला. "खोट कुठं लिवलीया?"

"काका, इथं खोट लिहीत नाहीत."

"मंजे?" त्यांना हे पटेना. "खोट नाय सांगितली, तर बोली कशावर लावायची?"

पण जत्रा तोंडावर आली होती. बायकांनी वर्गणी काढलेली होती. बोली सुरू झाली. काका ओसरीवर उभे राहून फोनकडं बघत पुकारू लागले, कारण लिलाव बसून करता येतो हे त्यांना माहीत नाही. कुणी तरी आमच्यावर चढवलं, आम्ही त्यांच्यावर चढवलं, मग समोरचा गप्प झाला. स्क्रीनवर आलं: 'तुमची बोली सर्वात मोठी आहे.'

"समोर कुनीच नाय?" काकांनी विचारलं.

"नाही. आता नुसतं थांबायचं, वेळ संपली की..."

मी वाक्य पुरं करायच्या आत काकांनी बटण दाबलं. स्वतःच्याच बोलीवर.

"अहो काका! काय केलंत? आपणच पुढं होतो ना!"

"एकट्याची बोली लागत नाय देवीला."

"ही देवी नाही, हे ॲप आहे!"

"टाळ देवीसाठीच हायत ना?" असं म्हणून त्यांनी पुन्हा बोट पुढं केलं. मी फोन ओढून घेतला. असा बग, म्हणजे अशी चूक, मी नोकरीत अजून पाहिलेली नाही. काका स्क्रीनवरच्या घड्याळाकडं बघत "एक वार! दोन वार!" करत राहिले, वेळ संपली, आणि शेजारच्या विमलबाईंनी खिडकीतून विचारलं, "चांगो, कोंबडा कुनाला गेला?"

खोकं आलं ते देवळातच उघडायचं ठरलं. बाराही जणी आल्या. काकूनं सुतळी कापली, वर्तमानपत्र बाजूला केलं आणि एकेक वाटी काढून एकेकीच्या हातात देत गेली. टाळाच्या वाट्या वजनदार होत्या, चकचकीत होत्या. शेवटची वाटी शेवटच्या बाईच्या हातात गेली आणि खोकं रिकामं झालं.

देवळात बारा बायका उभ्या. प्रत्येकीच्या हातात एक वाटी.

"हिची जोडी कुटं हाय?" श्रद्धावहिनीनं विचारलं.

काकूनं खोकं उलटं करून झटकलं. त्यातून फक्त सहा दोऱ्या पडल्या.

मग विमलबाईंनी हातातली वाटी उचलली, शेजारी उभ्या श्रद्धावहिनीच्या वाटीवर हलकेच आपटली. खण्ण. श्रद्धावहिनीनं परत मारली. खण्ण. आणि विमलबाई एकदम हसत सुटल्या. "बाई गं, ह्यो तर झिम्माच झाला!" मग बाकीच्याही एकमेकींच्या वाट्यांवर मारू लागल्या, कुणाचा नेम चुकला, कुणाच्या बोटाला लागलं, सगळ्या देवळाच्या फरशीवर बसून हसल्या. फक्त काका हसत नव्हते. ते रिकाम्या खोक्याकडं बघत होते.

"टाळ मंजे दोन वाट्या," ते म्हणाले. "दोरीनं बांधल्याल्या. ह्ये काय सांगायला पायजे?"

आमच्याकडं कुणालाच सांगावं लागत नाही. लहान पोरही 'एक टाळ' म्हणतं तेव्हा त्याच्या दोन्ही मुठी भरलेल्या असतात. म्हणून तर 'बारा नग' वाचताना आमच्यापैकी एकीलाही शंका आली नाही. विकणाऱ्याला मात्र बरोबर माहीत होतं, आपण काय लिहितो आहोत ते.

मी ॲपवर तक्रार टाकली. फोटो जोडला. लगेच उत्तर आलं: फोटोतील नगांची संख्या वर्णनाशी जुळते, तक्रार बंद. मी पुन्हा टाकली, नीट समजावून. पुन्हा तेच उत्तर. तिकडं माणूस नव्हताच, एक प्रोग्रॅम होता. तो फोटोतल्या वाट्या मोजायचा, बारा भरल्या की आनंदानं तक्रार बंद करायचा. त्याच्यातली चूक मला दिसत होती आणि मला ती दुरुस्त करता येत नव्हती, याचा मला फार राग आला. विक्रेत्याला निरोप पाठवला तर त्यानं अंगठा वर केलेलं चित्र पाठवलं. बरं, पैसे ॲपकडं अडकलेले. आम्ही माल पसंत म्हटल्याशिवाय ते त्याला मिळणार नव्हते, पण आम्हालाही परत मिळत नव्हते, त्यामुळे दुसरीकडून घ्यायला वर्गणीत काही उरलं नव्हतं.

बुवा रस्त्यात भेटले तेव्हा म्हणाले, "चांगो, यंदा लिलाव कोन पुकारनार रं?"

"मीच पुकारनार."

"न्हाय, मी आयकलं ते येगळं होतं."

"तुमी आयकलं तेच खरं. आन् मीच पुकारनार," काका म्हणाले आणि घरी येऊन त्यांनी मला मदतीचा नंबर लावायला सांगितला.

त्या नंबरावर आधी गाणं वाजलं. मग हिंदीसाठी हे दाबा, इंग्रजीसाठी ते दाबा. काका त्या रेकॉर्डमधल्या बाईला उत्तरं देत होते. "अगं बाय, दाबलं की! आता बोल!" बऱ्याच वेळानं खरा माणूस आला. नम्रता नावाची मुलगी होती. तिनं हिंदीत सुरुवात केली, पण काकांचा पहिला "हॅलो" ऐकल्यावर थांबली आणि मराठीत म्हणाली, "काका, थोडं हळू. माझ्या बाजूचे लोक पण बघायला लागलेत."

काकांनी तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. बुवा, पान, टाळ्या, ओसरीवरचं वचन, स्वतःवर चढवलेली बोली, खोकं. मी मधे मधे खुणा करत होते की मुद्द्यावर या. पण नम्रता ऐकत होती, आणि कोंबड्याच्या गोष्टीला हसलीसुद्धा. शेवटी म्हणाली, "विक्रेत्याला आणि तुम्हाला मी एकत्र व्हिडिओ कॉलवर घेते. पण काका, 'टाळ' म्हणजे काय हे माझ्या नियमांत कुठं लिहिलेलं नाही. तुम्ही दाखवून द्याल ना?"

"मी कशाला? तोच दावील," काका म्हणाले.

कॉल देवळात लावला, कारण बाराही जणींना यायचं होतं. मी लॅपटॉप दानपेटीवर ठेवला. मालोजीबुवा दाराशी चपला शोधत असल्यासारखे उभे राहिले. चपला त्यांच्या पायातच होत्या.

पडद्यावर एका चौकोनात नम्रता आली, दुसऱ्यात 'टणत्कार'वाला. नाव योगेंद्र. तिशीच्या आतला, केस चापून बसवलेले, मागं भिंतीवर ढोलक्या, एक तबला, खुंटीला लटकवलेले टाळ.

"मॅडम, वर्णनात स्पष्ट लिहिलंय," तो सुरू झाला. "बारा नग. नग म्हणजे पीस. बारा पीस पाठवले. आता गिऱ्हाइकानं स्वतःच्या मनानं चोवीस धरले तर माझा काय दोष?"

"पण एका वाटीचा उपयोग काय होणार?" नम्रतानं विचारलं.

"होतो की. काठीनं मारली तरी वाजते."

"आरं ए!" दारातून बुवांचा आवाज आला. "टाळ हाय का शाळंची घंटा?"

सगळ्यांनी मागं वळून पाहिलं. बुवा पुन्हा चपला शोधू लागले.

काका लॅपटॉपसमोर बसले. मला वाटलं आता पहिली गर्जना होणार. पण ते मऊ आवाजात म्हणाले, म्हणजे त्यांच्या मानानं मऊ, "बराबर बोलतो पोरगा."

काकूनं त्यांच्याकडं असं पाहिलं की मी लॅपटॉप जरा बाजूला सरकवला.

"आमच्याच वाचन्यात चुकलं आसंल," काका पुढं म्हणाले. "जाऊ दे. जत्रा तोंडावर हाय, भांडत कुटं बसायचं? आमाला आनखी टाळ लागतील. हायत काय तुमच्याकडं?"

योगेंद्रचा चेहरा उजळला. "आहेत ना काका! पाहिजे तेवढे!"

"पन आता बिन आयकता घ्यायचे नाय. आमी लिलाववाली मानसं, वस्तू हातात धरून दावल्याबिगर आमची बोली निघत नाय. वाजवून दावा की जरा."

"हे घ्या, आत्ता!" त्यानं मागं वळून खुंटीवरून टाळ काढला. दोरी बोटांत अडकवली, दोन्ही वाट्या दोन हातांत घेतल्या आणि वाजवल्या. आवाज खरंच छान होता. "ऐकलंत काका? असा टाळ अख्ख्या खोपोलीत मिळायचा नाही."

"झ्याक! किती टाळ वाजवले?"

"एकच वाजवला."

"हितं पंखा लय आवाज करतो. किती म्हनलात?"

"एक! एक टाळ!"

"एक वार," काका म्हणाले.

देवळात कुणी तरी तोंडात पदर कोंबला. योगेंद्रला काही कळलं नाही.

"दोन हातांत दोन दिसतात मला," काका म्हणाले. "म्हातारपन आलं. दोन टाळ हायत न्हवं ते?"

"अहो नाही हो काका! दोन वाट्या मिळून एक टाळ होतो! हा एकच टाळ आहे!"

"दोन वार. मॅडम, आयकलंत?"

नम्रता हाताची मूठ ओठांवर धरून बसली होती. तिनं मान हलवली.

"तीन वार!" काकांनी जी आरोळी दिली ती नदीपलीकडं गेली असेल. बाराही जणींनी वाट्या एकमेकींवर आपटल्या, देवळाची घंटा कुणी तरी वाजवली, आणि योगेंद्र हातातल्या टाळाकडं बघत राहिला, जणू त्याला तो आत्ताच कुणी तरी दिला होता.

नम्रता म्हणाली, "योगेंद्रजी, तुम्हीच दाखवून दिलंत. राहिलेल्या बारा वाट्या यांच्या हातात पोचल्या की तुमचे पैसे सुटतील. तोपर्यंत तुमचा नवा लिलाव लागणार नाही."

"पण मॅडम, कुरिअरनं आता जत्रेच्या आधी कसं..."

"मंग घेऊन या की तुमीच," काका म्हणाले. "खोपोली काय इलायतंत हाय? जत्रंला या. जेवून जा."

जत्रेचा दिवस आला. पालखी सजली. योगेंद्र आला नव्हता. फोन लावला तर उचलत नव्हता.

बायका देवळासमोर नव्या साड्या नेसून उभ्या होत्या, बारा जणींत सहा टाळ. इतके दिवस त्यांनी सराव तसाच केला होता, दोघी दोघी समोरासमोर, एकीच्या वाटीवर दुसरीची. आता त्यांचा नेम चुकत नव्हता.

"टाळ हाय आमच्या हातात," काकू बुवांना म्हणाली. "दोघींत एक."

बुवांनी कपाळावरचा बुक्का नीट केला. "येसू, त्या दिवशी देवळात तुमीच सिद्ध केलंत न्हवं, एक वाटी मंजे टाळ न्हाय? मंग हितं सहाच टाळ हायत. सहा जनी या."

आमचा युक्तिवाद आमच्यावरच आला होता. काकू बाकीच्यांकडं वळली. कुणी सहा जणींनी जायचं, कुणी मागं राहायचं? श्रद्धावहिनी म्हणाली, "मी ऱ्हाते मागं." विमलबाई म्हणाल्या, "गप गं. मी ऱ्हाते. माझं गुडघं दुखतं."

"कुनी ऱ्हानार नाय," काकू म्हणाली. "बारा, न्हायतर एकबी नाय."

काकांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली, आणि माझ्या लक्षात आलं की ते लिलावाच्या ओट्याकडं बघत आहेत.

भोयांनी पालखीला खांदा द्यायला हात लावला, तेवढ्यात नाक्यावरून मोटारसायकलचा हॉर्न आला. एकसारखा, थांबतच नव्हता. गर्दी बाजूला झाली. योगेंद्र, हेल्मेट कपाळावर, पुढं टाकीवर बोचकं, पँट गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेली.

"कर्जतच्या पुढं पंक्चर झाली," तो धापा टाकत म्हणाला. "फोनपण बंद पडला. हे घ्या काका." बोचकं काकूच्या हातात ठेवून तो गाडी वळवायला लागला.

"थांब!" काकांनी गाडीची चावी काढून घेतली. "वस्तू दिली, खोट नाय सांगितली."

"कसली खोट?"

"ती तुला ठावं."

सगळं गाव बघत होतं. भोई हात लावून तसेच वाकलेले. योगेंद्रनं मान खाली घातली आणि पुटपुटला.

"मोठ्यानं," काका म्हणाले. "हितं पंखा हाय."

"एक फुटकी आहे!" योगेंद्र ओरडला. "कडेला चीर गेलीय! तेवढी एकच! बाकीच्या चांगल्या आहेत, आईशप्पथ!"

आणि लोकांनी त्याला टाळ्या दिल्या. खरोखर. आमच्या गावात खोट सांगणाऱ्याचं असंच होतं. तो गोंधळला, मग हसला, मग हेल्मेट काढून त्यानं कपाळ पुसलं.

बायकांनी भराभर दोऱ्या ओवल्या. अकरा टाळ झाले. एक चांगली वाटी आणि एक फुटकी उरली. बारावी म्हणून काकूच रिकाम्या हातांनी उभी राहिली, कारण तिनं बाकी सगळ्यांच्या हातात आधी दिले होते. तिनं काकांकडं पाहिलं. काकांनी योगेंद्रकडं पाहिलं. योगेंद्रनं आपले रिकामे खिसे चाचपले, जणू एखादा टाळ खिशात सापडेल.

तेव्हा मालोजीबुवा पुढं आले. गळ्यात अडकवलेला त्यांचा टाळ, गुळगुळीत झालेला, वडिलांच्या वेळचा, त्यांनी डोक्यावरून काढला आणि काकूच्या हातात दिला.

"घे येसू. एक टाळ. मोजून घे."

"आन् तुमी काय वाजवनार बुवा?"

बुवांनी दोन्ही हात वर केले. "टाळ्या!"

पालखी निघाली. पुढं बारा बायका, बाराही जणींच्या हातात टाळ, आणि त्यांच्या पुढं मालोजीबुवा टाळ्या वाजवत, मान डोलवत, जणू ही पद्धत त्यांनीच शोधून काढली होती. पिंपळाच्या पारापाशी काकूनं खूण केली आणि एका गाण्यापुरत्या बायकांनी टाळ दोरीनं मनगटाला लटकवले, एकेकच वाटी धरली आणि दोघी दोघी समोरासमोर वाजवू लागल्या. त्यांना आता ते सोडवत नव्हतं. योगेंद्र पालखीच्या मागं चालत होता. त्याची चावी काकांच्या खिशात होती, त्यामुळे जेवल्याशिवाय त्याला जाता येणार नव्हतं.

लिलाव अर्थातच काकांनी पुकारला. नारळ गेले, साड्या गेल्या, फणस गेला. शेवटी काकांनी उरलेल्या दोन वाट्या दोरीनं बांधून वर धरल्या.

"एक टाळ! खोट आयका! एक वाटी चांगली, दुसरी फुटकी! आवाज निम्माच येतो!" त्यांनी वाजवून दाखवला. खण्ण-ढब्ब. लोक हसले. "लावा बोली!"

कुणी बोली लावेना. फुटका टाळ घेऊन करायचं काय? मग मागून, जेवणाच्या पंगतीतून, हात धुऊन येत असलेल्या योगेंद्रनं हात वर केला आणि एक आकडा बोलला.

"लागली!" काका म्हणाले. "आनखी कोन?"

आणखी कुणीच नव्हतं. योगेंद्र ओट्याकडं आला, टाळ घ्यायला हात पुढं केला. काकांनी टाळ मागं घेतला.

"चढवा."

"कुणावर? समोर कुणीच नाही!"

"सोतावर."

"माझ्याच बोलीवर मीच?" त्यानं आजूबाजूला पाहिलं, कुणी तरी ही थट्टा आहे असं सांगेल म्हणून. सगळं गाव गंभीर चेहऱ्यानं उभं होतं.

"एकट्याची बोली देवीला लागत नाय," काकू म्हणाली. "ह्यांनी तुज्यासाठी चढवली व्हती. इचार समीला."

योगेंद्रनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. त्यानं हसत हसत एक मोठा आकडा ओरडून सांगितला. स्वतःच्या अंगावर, पूर्ण जोरात.

"एक वार!" काका म्हणाले. "दोन वार!"

"थांबा!" योगेंद्र ओरडला आणि त्यानं पुन्हा एकदा चढवलं.